पाखरीचं विष

पाखरीला दरदरून घाम सुटला होता आणि ती एक पाऊलही टाकायला तयार नव्हती. पोलादपुरापासून महाडपर्यंत नवरदेव मिरवणारी ही पांढरी घोडी पडवीत चारी पाय रोवून उभी होती. मागचे पुठ्ठे हाताला लाकडासारखे लागत होते. संध्याकाळी महाडात वरात होती. आणि घोडीच्या डाव्या अंगाला, तिच्या पोटावर दोन्ही तळवे टेकवून, देवव्रत नावाचे एक गृहस्थ डोळे मिटून उभे होते.

हे देवव्रत मूळचे पुण्याचे; आंबेनळी घाटातल्या एका रिसॉर्टवर अश्वमर्दनाची, म्हणजे घोड्यांच्या मालिशची, शिबिरं घेत. अंगात लिननचा सदरा, गळ्यात रुद्राक्ष, आणि हातांना लिदीचा वास म्हणून नाही. घोडीच्या मालकांनी, श्रीपतकाकांनी, त्यांचे व्हिडिओ मोबाइलवर पाहिले होते. सकाळी घोडी अडली तशी त्यांनी फोन लावून त्यांनाच बोलावून घेतलं. घरातच पुतणी होती, श्रुतिका. प्राणिशास्त्राची पदवीधर, महाडच्या औद्योगिक वसाहतीत प्रयोगशाळेत कामाला. पण काकांच्या लेखी ती बेडूक कापून आलेली पोर, त्यापुढे काही नाही.

"घोड्याच्या शरीरात पाच संस्था असतात," देवव्रत डोळे न उघडता म्हणाले.

"पुस्तकात अकरा आहेत," श्रुतिका म्हणाली. "पण तुम्ही बोला."

"मर्दनाने पाचही जाग्या होतात. आत्ता मी तिचं मोठं आंधळं आतडं मोकळं करतोय."

"ते उजवीकडे असतं."

देवव्रतांनी एक डोळा उघडला. "ऊर्जा कुठूनही पोचते."

"मग पुण्याहूनच पाठवायची. इतकं जवळ कशाला यायचं? लाथ बसेल."

"गप गो!" तुळसाकाकी चहाचा कप घेऊन आली होती. "पावन्यांशी असं बोलतात काय? मनाला लावून घेऊ नका हां दादा. शिकलीय ना, म्हणून जीभ सुटलीय."

श्रुतिकाला काय झालंय ते दिसत होतं, आणि दिसतंय तेवढंच करता येत नव्हतं. चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणून पाखरी महिनोन्‌महिने पडवीत बसून. आणि वाडीची रीत अशी की मोसमातल्या पहिल्या वरातीआधी घराघरातून बाया भिजवलेले हरभरे आणून घोडीला चारत. शकुन म्हणून. ज्या घरात लग्नाची मुलगी, त्या घरची वाटी मोठी. यंदा वाडीत लग्नाच्या मुली पुष्कळ. आठवडाभर पाखरी नुसती उभी राहून हरभरे खात होती. आणि आज सकाळी काकांनी स्पीकरवर बँडबाजा लावून तिला अंगणात नाचवली, अंग मोकळं व्हावं म्हणून. बसून खाल्लेल्या हरभऱ्यातलं पिष्ट साखर होऊन स्नायूंत साठलेलं, त्यात एकदम नाच. स्नायू आखडले आणि फाटायला लागले. जगभरच्या घोड्यांना हा आजार होतो. जगभरच्या घोड्यांकडे मात्र इतक्या प्रेमळ बाया नसतात.

तेवढ्यात पाखरीने पाय फाकले आणि ती मुतली. कोऱ्या चहाच्या रंगाचं.

"बघा!" देवव्रत दोन पावलं मागे उडी मारून ओरडले. "विष निघालं! वर्षानुवर्षं साचलेलं!"

काकांनी हात जोडले. काकी म्हणाली, "माझी बाय ती! किती गो सोसलंस!"

श्रुतिका पुढे झाली. "काका, ते विष नाही. ते तिचं मांस आहे. स्नायू फाटतायत, त्यांतलं लाल रंगद्रव्य रक्तात उतरतंय आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतंय. मूत्रपिंड तुंबलं की घोडी गेली. तिला पाऊलभरही हलवू नका."

"मांस मुतातनं येतंय होय?" काका हसले. "मग खाटकाला बोलाव की."

"गुरांच्या डॉक्टरांना मी फोन केलाय. ते शिवथरच्या बाजूला आहेत, येतो म्हणाले. तोवर हलवायचं नाही, पाणी पाजायचं, एवढंच सांगितलंय त्यांनी."

"तो म्हशीचा डॉक्टर हाय. त्याला घोड्यातलं काय कळतंय?" काका पाहुण्यांकडे वळले. "दादा, तुम्ही व्हिडिओत मर्दन झाल्यावर चालवता ना? चालवू ना हिला?"

"चालवायलाच हवं. लसीकासंस्था चालण्यानेच वाहते."

काकांनी दावं सोडलं आणि ओढलं. पाखरीने मान पुढे केली, मागचा एक पाय उचलला, आणि तो तिला टेकवताच येईना. गुडघा थरथरला. तिच्या तोंडून जो आवाज आला तो श्रुतिकाने कधी ऐकला नव्हता.

मग तिने डोकं चालवलं. काकांना खरं काय ते नको होतं. ते रुद्राक्षाच्या तोंडून यायला हवं होतं.

"काका, थांबा जरा. दादांना एक विचारायचंय, स्त्रियांचं." हे ऐकून काका लाजून दुसरीकडे बघू लागले. तिने देवव्रतांना पेंढ्याच्या उडवीमागे नेलं.

"ही घोडी चार पावलांत खाली बसेल आणि पुन्हा उठणार नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या हाताखाली. माझ्या मोबाइलमध्ये तुमचं मर्दन आहे, मूत आहे, 'चालवायलाच हवं' हेही आहे. पुढचंही घेईन. तुमच्या शिबिराला येणाऱ्या बायकांना आवडेल."

देवव्रतांचा चेहरा उतरला. "मग... काय करायचं?"

"हलवायची नाही. पाणी भरपूर. डॉक्टर येतील त्यांना हात लावू द्यायचा. हरभरा बंद. कुठल्या शब्दांत सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. त्यात तुम्ही हुशार आहात."

आणि होते खरे. परत येऊन त्यांनी पाखरीच्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि गंभीर आवाजात म्हणाले, "ऊर्जा स्थिरावते आहे. आता ही जागची हलली तर सगळं उलटेल."

काकांनी दावं असं टाकलं की जणू साप हातात आला होता.

"जलतत्त्व द्या. डॉक्टर येतायत ते शुभ आहे, त्यांच्या सुईने मार्ग मोकळा होईल. आणि हरभरा नको."

"हरभरा नको?" काकी हादरली. "बाया काय म्हणतील? शकुन नाकारला म्हणतील!"

"शकुनाला चिमूटभर पुरे. बाकीचा तुम्ही उसळीत घाला."

"हेच मी दिवाळीपासून सांगतेय," श्रुतिका म्हणाली.

"तू सांगतेस गो," काका म्हणाले, "पण असं नाय सांगत."

काकांनी महाडला नवरदेवाचे वडील कमलाकरशेट यांना फोन लावला. "शेट, घोडीची ऊर्जा बसायची हाय. नवरदेवाला गाडीत घाला." पलीकडून बराच आरडाओरडा झाला. काकांनी तो मान डोलवत ऐकून घेतला. पुण्याच्या माणसाने सांगितल्यावर महाडच्या शेटची काय मातब्बरी!

दिवेलागणीला डॉक्टर आले, मूत बघून "हिला चालवलीत तर नाही ना?" म्हणाले. सलाइन लागलं, दुखण्याची सुई झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मूत फिकट पिवळं आलं आणि पाखरीने आपणहून एक पाऊल टाकून गवताला तोंड लावलं. काकी रडली. वाडीतली माणसं येऊन बघून गेली, आणि काका प्रत्येकाला सांगत होते, "दादांनी विष काढलं. तो सलाइनवाला नंतर आला."

श्रुतिका ऐकत होती आणि बादल्या भरत होती. घोडी जिवंत होती. ह्या किमतीत ती आणखी दहा मूर्खांना मोठं करायला तयार होती, मात्र एका वेळी एक.

रात्री तिथेच मुक्काम केलेले देवव्रत निघताना तिच्यापाशी घुटमळले. "म्हणजे मर्दनाने काहीच होत नाही, असं तुमचं म्हणणं?"

"होतं की. इथे, मान आणि पाठ जुळते तिथे खाजवलं तर हृदयाचे ठोके मंदावतात. घोड्या एकमेकींना दातांनी तेच करतात. शिबिराची फी न घेता."

"ठोके मोजतात कुठे?"

"जबड्याखाली, आतल्या बाजूला. बोटांनी. तळव्याने नाही."

देवव्रतांनी रुद्राक्षाची माळ मागे टाकली आणि पाखरीच्या जबड्याखाली बोटं लावली. वर, खाली, पुन्हा वर. पाखरीने थोडा वेळ चालवून घेतलं, मग तोंड फिरवलं.

"सापडत नाहीये," ते म्हणाले.

"डोळे उघडे ठेवा," श्रुतिका म्हणाली आणि त्यांचा हात धरून जागेवर नेला.