मुशीच्या कल्ल्यातली मंजिरी

या जगात निष्ठा अजून शिल्लक आहे आणि ती शार्कच्या कल्ल्यांत राहते. कोपेपॉड नावाच्या इवल्याशा जिवाची मादी एकदा माशाला चिकटली की मरेपर्यंत जागा सोडत नाही. अर्थात सोडायचं कारणही नसतं. जेवण फुकट आहे.

प्राध्यापक केदार लघाटेनं अशा माद्यांवर बावीस वर्षं घालवली, तीही ग्वाल्हेरात, जिथं समुद्र म्हटलं की लोक तिघरा धरणाकडे बोट दाखवतात. नमुने पाठवायची मंजिरी. एमएस्सीला दोघांत एक मायक्रोस्कोप होता. मग ती लग्न होऊन रत्नागिरीला गेली आणि मायक्रोस्कोप केदारला एकट्याला मिळाला. दर उन्हाळ्यात तिची बाटली येई. आत स्पिरिटमध्ये चार-पाच माद्या, वर तिच्या अक्षरात 'मुशी, मिरकरवाडा', म्हणजे शार्कचं कोकणी नाव आणि रत्नागिरीचं मासळी बंदर. केदार आधी अक्षर बघे, मग माद्या.

यंदाच्या माद्यांच्या मागच्या पायाला एक बाक होता. कुठल्याच ग्रंथात तो नव्हता. म्हणजे नवी जात, आणि नाव द्यायचा हक्क शोधणाऱ्याचा. बावीस वर्षं जे बोलायचं राहिलं, ते आता लॅटिनमध्ये आणि तिच्या नवऱ्यादेखत बोलता येणार होतं.

"उवेला कुणी ओळखीच्या बाईचं नाव देतं?" भेंडी चिरता चिरता त्याची थोरली बहीण सुधाताई म्हणाली.

"ऊ नाही ताई, कोळंबीच्या नात्यातली आहे."

"चिकटून रक्त पिते ना? मग आमच्या नणंदबाईंचं दे."

त्याची विद्यार्थिनी प्रांजली एवढंच म्हणाली, "सर, आयडिया मस्त आहे, पर मॅडमला एक बार पूछून तर घ्या."

त्यानं पायाचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, 'नवी जात वाटते. तुझं नाव देऊ?' मग चार दिवस तो वर्गात बेडकाचं हृदयच शिकवत राहिला.

पाचव्या दिवशी तो बाड्यावरच्या बाजारात चष्म्याच्या दुकानात असताना त्याचा फोन वाजला. तिचा आवाज तो नऊ वर्षांनी ऐकत होता.

"चित्र सुरेख काढलंयस रे."

"मग, नाव?"

"बाटली पोचली तेव्हा भरलेली होती?"

"कुरिअरवाल्याकडे आठवडाभर पडून होती. स्पिरिट जवळजवळ उडालेलं होतं." प्रांजलीनं असा सुकून आकसलेला नमुना आणला असता तर त्यानं तो तिथल्या तिथे फेकायला लावला असता. पण बाटलीवर अक्षर मंजिरीचं होतं.

बाहेर एक टेम्पो हॉर्न वाजवत राहिला.

"माझं नाव लागलं असतं तर मला आवडलं असतं, केदार," ती म्हणाली. "खरंच."

"मग लावतो ना."

"आज सकाळीच एक मुशी आली. तीन माद्या काढल्या. तिघींचेही पाय सरळ आहेत."