बाबा नीट मेले नाहीत

भयपट बघून चार ओळी खरडणं हा माझा धंदा. मनाशी खेळणारे संथ चित्रपट असोत की चार पैशांत उरकलेले सुरी-कोयत्याचे, हाँगकाँगच्या आमच्या साप्ताहिकात मी कुणाची भीडभाड ठेवत नाही. अडचण एवढीच की सुऱ्यांच्या चित्रपटांत हमखास मरणारा म्हातारा म्हणजे माझे बाबा, याऊ फुक. त्यांच्यासारखं प्रेत अख्ख्या शहरात नाही. कॅमेरा नाकाशी आणला तरी पापणी हलायची नाही.

पडद्यावर मरणाऱ्याला निर्माता पैशांचं लाल पाकीट देतो, अपशकुन उतरावा म्हणून. बाबा ते त्याच दिवशी बेकरीत अंड्याच्या गोड टार्टवर उडवायचे आणि खोका घरी आणायचे. या उन्हाळ्यात मात्र चित्रीकरणाहून रिकाम्या हातांनी आले. मी विचारलं तर म्हणाले, दुकान बंद होतं.

गुरुवारी दुपारी त्याच चित्रपटाचा समीक्षकांसाठी खेळ होता. बाबांचा गळा कापला गेला, ते फरशीवर पडले आणि त्यांची छाती वर-खाली व्हायला लागली. शेजारी दुसऱ्या पेपरचा समीक्षक मॉक बसला होता. तो फिसकन हसला.

"पुई, तुझे बाबा मेल्यावरही दम खातात की गं!"

सगळी रांग हसली. मला हसू येईना. ती साधी चूक नव्हती, बाबांना धाप लागली होती.

घरी आले तर ते चहा ढवळत बसलेले.

"दिसलं का गं?"

"दिसलं. कधीपासून होतंय हे?"

"जिना चढताना होतंच. त्या दिवशी पडल्या-पडल्या आवरेना. पाकीट पुढं केलं त्यांनी, पण मी परत दिलं. नीट मेलोच नाही, तर घेऊ कसं?"

"आणि मला सांगितलंत दुकान बंद होतं!"

"तू ओरडली असतीस. पुई, तेवढं लिहू नकोस. मग मला मरायला कोण बोलावेल?"

मला रागही आला आणि रडूही. खोटं मी कधी लिहिलं नव्हतं, आणि हे गिळून बसणंही जमेना. तिथंच टेबलावर लिहून काढलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. ते चष्मा लावून मोठ्यानं वाचू लागले.

"कथा शिळी, रक्त पातळ. पण एका प्रेताला श्वास आवरला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी थिएटरात घाबरले."

बाबांनी चष्मा काढला.

"तारे किती दिलेस?"

"एक."

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले. "चल, दवाखाना सहापर्यंतच उघडा असतो."