गाउनवरच्या फुल्या

नववा महिना लागला तरी शिलाईवाली बाई काही मशीन सोडायला तयार नव्हती. बाळाची लाथ बसली, की ती खडूने गाउनवर नेमकी तिथेच फुली मारायची. मापं घ्यायची खोड, दुसरं काय! सगळ्या फुल्या बेंबीच्या खाली पडायच्या. आज मात्र खाली सामसूम आणि लाथा थेट बरगडीखाली. तिने घाबरून सासूबाईंना सांगितलं.

"शेवटी शेवटी असंच होतं गं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुमच्या अंदाजावर मी ब्लाउजसुद्धा बेतत नाही," असं म्हणत ती तडक दवाखान्यात गेली.

नर्सबाईंनी पोट चाचपलं, ठोके ऐकवले. मग फुल्या बघून त्या हसल्या. "शंका आल्या आल्या आलात, छान केलंत. सगळं ठीक आहे. बाळ फिरलंय. डोकं खाली, पाय वर. निघायच्या तयारीत आहे स्वारी."

"पण त्याला सांगितलं कुणी?"

"पंचवीस वर्षं मीही तेच विचारतेय."

तिने पोटावरून हात फिरवला. त्या मिट्ट काळोखात एवढ्याशा जिवाने दार कुठे आहे ते आपलं आपण हुडकलं होतं.

बरगडीखाली पुन्हा लाथ बसली. तिने खडू काढला, पण फुली मारायला हात धजेना. तिथे तिने एक चिमुकलं पाऊल काढलं.