बजाबाईनं मागितलेली प्रार्थना

बजाबाईचं चुकलं ते एवढंच, की फादरांचं बोलणं तिनं खरं धरलं. बाकीच्या बायका प्रवचनात पोरांना थापटत बसायच्या, जांभया द्यायच्या. ही आपली कान देऊन ऐकायची. पोपसाहेबांनी म्हणे जगाला बजावलंय, माणूस हावरेपणानं जमीन-पाणी नासवतोय आणि एक दिवस त्यातच मरणार; गरिबाच्या तोंडचं काढून घेते ती प्रगतीच नव्हे. बजाबाईला नवल वाटलं, रोमातल्या माणसाला आमच्या वस्तीतली हीर कळली कशी!

कारण विहिरीचं पाणी तेव्हा गुलाबी झालं होतं. वस्तीमागं जोतीरामाचा सूत रंगवायचा कारखाना. त्याचं पाणी उघड्या चरातून मुरत मुरत विहिरीत उतरलेलं. बहात्तरच्या दुष्काळात याच विहिरीनं वस्ती जगवली होती, आणि आता तिच्या पाण्यानं बजाबाईच्या नातवाच्या अंगावर पुरळ उठत होतं. जोतीराम परका असता तर वस्तीनं शिव्या तरी घातल्या असत्या. पण तो त्यांच्यातलाच, त्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला. चर्चवरचे पत्रे त्यानं घातलेले. वस्तीतली निम्मी पोरं त्याच्याकडं कामाला, बजाबाईचा पोरगा हिंदुरावही. त्यात जोतीराम महापालिकेच्या निवडणुकीला उभा. मग बोलतंय कोण?

बजाबाई फादरांकडं गेली. म्हणाली, रोमचं सांगता ते जोतीरामाचं नाव घेऊन सांगा. फादर भला माणूस, पण भल्यांना भीती फार. प्रवचनात कुणाचं नाव घेता येत नाही, निवडणुकीच्या दिवसांत तर नाहीच, असं त्यांनी समजावलं. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, आता लोकांच्या प्रार्थना असतात, मराठीत, कुणीही उभं राहून मागाव्यात. तुम्हीच मागा की, बजाबाई. वा रे वा! साप दिसला, की काठी दुसऱ्याच्या हातात द्यायची.

रविवारी जोतीराम पुढच्या बाकावर होता. आजाऱ्यांसाठी मागून झालं, देशासाठी मागून झालं, दर वेळी सगळे एका सुरात म्हणाले, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." मग बजाबाई उठली.

"जोतीरामाच्या कारखान्याचं पानी आमच्या हिरीत येतंय. लेकरांच्या अंगावर पुरळ उठलंय. त्ये पानी थांबवायची बुद्धी त्याला दे. आमी मागतो."

आता सगळ्यांनी म्हणायचं होतं. कुणी म्हटलं नाही. तिनं हिंदुरावाकडं पाहिलं. पोटचा पोरगा, तोही खाली मान घालून बसला. तिथं तिचं काळीज फाटलं.

तेवढ्यात पुढच्या बाकावरून खणखणीत आवाज आला. डोळे मिटून, हात जोडून जोतीरामच म्हणाला, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." आणि मग त्याच्यामागून अख्खं चर्च म्हणालं, अगदी मोकळ्या गळ्यानं.

बाहेर आल्यावर सगळ्यांदेखत तो तिच्या पाया पडला. मावशीनं माझे डोळे उघडले, म्हणाला. मतदानाआधी वस्तीत नळ आणतो आणि ती घाण विहीर बुजवून टाकतो. टाळ्या पडल्या. कोल्हा काकडीला राजी! चर बंद करायचं त्यानं नावसुद्धा काढलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

बोलला तसं त्यानं केलं मात्र. विहीर कारखान्याच्या राखेनं भरली. राख ओतायला हिंदुरावच होता, दुप्पट हजेरीवर. चराचं तोंड खालच्या वस्तीकडं वळवलं. नळावर पवित्र पाणी शिंपडताना फादर म्हणाले, खरी प्रगती ती ही. पहिला हंडा त्यांनी बजाबाईला भरायला सांगितला.

तिनं मनाशी ठरवलं होतं, मरेन पण त्या नळाला हात लावणार नाही. पण घरात थेंब नव्हता, आणि नातू पाण्यासाठी रडत होता.

हिंदुराव हळूच म्हणाला, "आये, भर की. लोक खोळंबलेत."

तिनं हंडा लावला. पाणी स्वच्छ होतं. तो भरेपर्यंत जोतीराम शेजारी हात जोडून उभा होता. हंडा कमरेवर घेताना ती त्याला म्हणाली, "देव तुजं भलं करू दे, बाबा." उद्याही तिथंच यायचं होतं.