ऐकून ठेवायचं शहर

कॉफीच्या किटलीचं झाकण एम्पारच्या हातून निसटलं आणि स्वयंपाकघरभर गरगरत, ठणठणत टेबलाखाली जाऊन आडवं झालं. रविवारची सकाळ होती, घर अगदी गप्प होतं, त्यामुळे तो आवाज केवढा तरी वाटला. खालच्या मजल्यावरचा कुत्रासुद्धा भुंकला. दाराकडे पाठ करून चित्र रंगवत बसलेल्या रोसेरने लाल पेन्सिल खाली ठेवली आणि पिवळी उचलली.

एम्पार जागची हलली नाही. हिवाळ्यात ती मुद्दाम वस्तू पाडून बघायची. चमचा, किल्ल्या, एकदा तर चांगली बशी. पोरीची मान वळली की एम्पारचा तो दिवस बरा जायचा, बेकरीत गिऱ्हाइकांशी ती दोन शब्द जास्त बोलायची. मग एक दिवस मान वळायला उशीर झाला, आणि तेव्हापासून तिने वस्तू पाडणं सोडून दिलं. आजचं झाकण मात्र खरंच निसटलं होतं. रोसेरच्या कानात मशीन होतं, ते चालूही होतं. बाजूचा हिरवा ठिपका इथून दिसत होता.

उजवा कान गेल्या वर्षीच गेला होता. डावाही उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. कानातून मेंदूकडे जाणारी शीरच वाळत चालली होती, त्यामुळे आत यंत्र बसवायच्या ऑपरेशनचाही उपयोग नव्हता. बाई हे सगळं फार हळू आवाजात बोलल्या होत्या. सात वर्षांची रोसेर शेजारीच खुर्चीत पाय हलवत बसली होती. तिच्यासमोर आवाज हळू कशाला करायचा, हा विचार एम्पारच्या मनात घरी आल्यावर आला आणि मग ती न्हाणीघरात जाऊन रडली.

रडून झाल्यावर तिने ठरवलं, की आहे तेवढ्या दिवसांत पोरीला शहर ऐकवून ठेवायचं. डोळे मिटल्यावर माणसाला आपलं घर आठवतं, तसं पुढे कधी तरी रोसेरला व्हॅलेन्सिया ऐकू आलं पाहिजे. आवाजाला कुठे तिकीट लागतं? बेकरीची पहाटेची पाळी संपली की एम्पार पोरीला शाळेतून घ्यायची आणि दोघी निघायच्या. नदीच्या कोरड्या पात्रातली बाग, तिथे आडवा पाडून ठेवलेला तो माणसाचा अवाढव्य पुतळा, त्याच्या हातापायांवरून किंचाळत घसरणारी मुलं. मालवारोसाच्या वाळूवर समुद्र. सुट्टीच्या एका गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दाराशी पाटाच्या पाण्याचे तंटे सोडवणारे पंच. काळ्या झग्यातले ते शेतकरी गोल करून बसतात, वरून मनोऱ्यातली घंटा बाराचे टोल देते आणि शिपाई एकेका पाटाचं नाव घेऊन पुकारा करतो, की कुणाची तक्रार असेल तर पुढे या.

"ऐकलंस?" एम्पार दर वेळी विचारायची.

"ऐकलं," रोसेर म्हणायची.

घंटेच्या वेळी तर तिने पहिल्या टोलालाच एम्पारचा हात दाबला होता. समुद्रावर एम्पारने विचारलं, "कसा वाजतो गं?" तर थोडा विचार करून म्हणाली, "कागदासारखा." एम्पारने हे बेकरीत चार जणींना सांगितलं. एवढीशी पोर, आणि काय बोलली बघा.

एम्पारच्या आईला, म्हणजे रोसेरच्या याया फिनाला, हे हिंडणं पटत नव्हतं. याया म्हणजे आजी, पण फिनाला कुणी नुसतं आजी म्हणावं असा तिचा बाजच नव्हता. ती ओठ रंगवल्याशिवाय कचरा टाकायलाही खाली उतरायची नाही.

"जन्म इथे काढलास, कधी त्या मनोऱ्याकडे मान वर करून बघितलंस?" ती म्हणायची. "आता पोरीला जर्मन पाहुणीसारखी फिरवतेस. पायाचे तुकडे पडले असतील तिच्या."

"तिला आवडतं."

"तिला तू आवडतेस. फिरणं आवडतं का ते विचारलंस का कधी?"

एम्पारचा नवरा चिमो बंदरावर क्रेन चालवायचा. तो वेगळ्याच कामाला लागला होता. मोबाइलवर बघून तो हातांची भाषा शिकत होता, न्हाणीघराचं दार लावून आरशासमोर. एकदा रात्री जेवताना त्याने दोन्ही हातांनी काहीतरी खूण केली, पावाकडे बोट दाखवलं आणि पुन्हा तीच खूण केली. रोसेर खुदकन हसली आणि तिने ती हुबेहूब करून दाखवली.

"जेवताना हात टेबलावर ठेवायचे," एम्पार म्हणाली.

"अगं, तिला लागणार आहे हे."

"लागेल तेव्हा बघू."

चिमोने पाव तोडला, पोरीच्या ताटात ठेवला. ती खूण म्हणजे घरातल्या कुणाच्या तरी मयताची तयारी माणूस जिवंत असतानाच करण्यासारखी आहे, असं एम्पारला वाटलं होतं. ते तिने बोलून दाखवलं नाही. रात्री दिवा मालवून ती नेहमीसारखी रोसेरच्या डाव्या कानाशी वाकली. मशीन काढलेलं असायचं, म्हणून ओठ अगदी कानाला लावून ती पोर जन्मल्यापासून म्हणत आली होती तेच म्हणाली, "झोप गं, माझ्या तांदळाच्या दाण्या." रोसेर हसली. तेवढं हसू बघितलं की एम्पारला वाटायचं, बाकी काही गेलं तरी चालेल, एवढं एक राहू दे. शहर, समुद्र, घंटा हे सगळं खरं तर या एका वाक्यासाठीच चाललं होतं. त्याला एकटं वाटू नये म्हणून ती सोबत गोळा करत होती.

झाकण टेबलाखालून काढून एम्पारने धुतलं आणि किटलीला लावलं. आज मास्क्लेता बघायला जायचं ठरलं होतं. बघायला म्हणायचं आपलं. मार्चात रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात भर उन्हात दारूकाम होतं, त्यात बघण्यासारखं काही नसतं. नुसता आवाज. त्या आवाजासाठी अख्खं शहर येऊन उभं राहतं.

चिमोची पाळी होती, म्हणून याया सोबत आली. चौकात शिरणं शक्यच नव्हतं आणि एम्पारला जवळ जायचंही नव्हतं. मोठ्या आवाजापासून कान जपा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तिघी बाजूच्या गल्लीत एका बंद चपलांच्या दुकानासमोर थांबल्या. मागे लोखंडी शटर. गळ्यात निळ्या चौकड्यांचे रुमाल बांधलेली माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती, तळलेल्या भोपळ्याच्या वड्यांचा वास येत होता, आणि पोरंटोरं पायात लवंगी फोडत होती.

"कालचा अगदी पांचट," फिना आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "सुरुवात बरी होती. मधे नुसता फुसका, आणि शेवट कसा, तर बस चुकतेय म्हणून उरकल्यासारखा."

"फिनाबाई, तुम्हाला आजवर कुणाचा आवडलाय का?" शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ म्हणाले.

"आवडला होता की. माझ्या लग्नाच्या वर्षीचा."

"तेव्हा तुमचं लक्ष होतं का फटाक्यांकडे?"

"नवऱ्याकडे नव्हतं एवढं नक्की."

माणसं हसली. याया का हसतेय म्हणून रोसेर तिच्या तोंडाकडे बघत होती. एम्पारने पोरीच्या कानातलं मशीन काढून रुमालात बांधलं आणि पिशवीतून चिमोची बंदरावरची जाडजूड कानझाकणं बाहेर काढली. रोसेरच्या डोक्यावर ती टोपलीसारखी बसली.

"अगं, लोक इथे तोंड उघडं ठेवून उभे राहतात, आणि तू पोरीचे कान बांधतेस?" फिना म्हणाली. "आता काय राखायचं राहिलंय त्यात?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. मघाचे गृहस्थ उगीचच घड्याळात बघायला लागले. एम्पार कानझाकणांचा पट्टा सरळ करत राहिली, तो सरळच होता तरी. मग फिनाने तेलकट कागदातला एक वडा काढला, मोडला आणि मोठा तुकडा रोसेरच्या हातावर ठेवला. "खा," ती म्हणाली.

तिकडे नगरपालिकेच्या बाल्कनीतून यंदाच्या उत्सवाचा मान मिळालेल्या, रेशमी घागऱ्यातल्या मुलीने सुरू करायची परवानगी दिली.

आधी एकेक सुटा बार, मधे जागा सोडून. मग त्यांच्या रांगा, रांगांवर रांगा, आणि त्या रांगा हळूहळू एकमेकींत मिसळून एकच लांबलचक घरघर. कानांवर ताण येऊ नये म्हणून एम्पार लहानपणापासून तोंड उघडं ठेवून ऐकत आली होती, तशीच आताही उभी राहिली. पण तिचं लक्ष वर नव्हतं.

रोसेरने वडा खाली टाकला होता. तिने एक हात स्वतःच्या पोटावर ठेवला, मग दुसरा मागच्या शटरवर. शटर थरथरत होतं. तिने डोळे गच्च मिटले. शेवटचा भाग सुरू झाला, ज्याला इथे सगळे भूकंपच म्हणतात, तेव्हा जमीन खरोखर पायाखालून ढकलल्यासारखी झाली. वरच्या मजल्यांच्या काचा वाजू लागल्या. मिटल्या डोळ्यांनी रोसेर हसत होती. असं हसताना एम्पारने तिला किती तरी दिवसांत बघितलं नव्हतं. घंटेखाली नाही, समुद्रावर नाही.

एकदम सगळं थांबलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. धूर समुद्राच्या बाजूला सरकायला लागला.

"हा बरा होता," फिना कुणालाच न उद्देशून म्हणाली आणि तिने नाक पुसलं.

रोसेरने कानझाकणं ओढून काढली. स्वतःचा आवाज किती मोठा होतोय ते तिला हल्ली कळत नसे. "आई, मी ऐकलं," ती अख्ख्या गल्लीला सांगितल्यासारखं म्हणाली.

एम्पार तिच्यासमोर उकिडवी बसली, म्हणजे तिला ओठ दिसतील. सवयीने म्हणाली, "ऐकलंस?"

"खरं ऐकलं."

एम्पारने ते हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "खरं म्हणजे? मग बाकीचं खोटं होय?"

रोसेरने खाली पडलेल्या वड्याकडे बघितलं. चोरी सापडल्यासारखी तिची मान थोडी आत गेली. पण आनंद इतका होता, की गप्प बसणं तिला जमलं नाही.

"घंटा वाजली की कबुतरं उडतात," ती म्हणाली. "ती उडाली की मी तुझा हात दाबला."

"आणि समुद्र?"

"समुद्र दिसला ना मला. कागदासारखाच दिसत होता. चुरगळलेला."

"मग तू ऐकलं ऐकलं कशाला म्हणायचीस गं?"

"तू हसायचीस मग."

फिनाने तोंड फिरवलं. एम्पारला ऊन एकदम फार वाटायला लागलं. बाजूने माणसं घराकडे निघाली होती, कुणाची पिशवी तिच्या खांद्याला घासून गेली, कुणी तरी माफ करा म्हणालं. तिला एकच विचारायचं होतं आणि ते विचारू नये, हेही कळत होतं. तरी तिने विचारलं. प्रत्येक शब्द ओठांवर नीट मांडत.

"आणि रात्री? मी कानात म्हणते ते?"

"ते गरम लागतं," रोसेर लगेच म्हणाली. तिला हे उत्तर चांगलं येत होतं. "तू जवळ आलीस की कानात गरम लागतं, आणि गुदगुल्या होतात. काय म्हणतेस ते माहितीय मला. तांदळाचा दाणा." मग जरा थांबून म्हणाली, "आधी ऐकू यायचं. थंडीच्या आधी."

थंडी केव्हाच सरली होती. बदामांचा मोहोरही गळून गेला होता. तेव्हापासूनच्या कितीतरी रात्री एम्पार त्या अंधारात वाकली होती आणि पोर हसली होती.

रोसेरला आईचा चेहरा आवडला नसावा. ती पुढे सरकली. समजूत घालताना एम्पार जो सूर लावायची, तोच लावून तिने सांगायला सुरुवात केली. "आई, पण आता मला कळलंय. फटाके पोटात वाजतात. थोडे दुकानाच्या दारात वाजतात. पायातपण. कानच लागत नाही त्याला. तुझापण कुठे तरी वाजत असणार."

तिने एम्पारच्या पोटावर हात ठेवून बघितला. मग छातीवर. मग तेलकट बोटं वर सरकवत गळ्याशी आणली, दोन्ही तळवे तिथे टेकवले आणि मघासारखे डोळे गच्च मिटून घेतले.

"बोल," ती म्हणाली.

एम्पारने तोंड उघडलं. एवढ्याशा वाक्याचं तर काम होतं. सात वर्षं रोज म्हटलेलं, झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं. ओठ हलले, पण आवाज निघेना. शेजारी फिना पुटपुटत होती, बोल गं, बोल, काही तरी बोल. गल्ली रिकामी होत चालली होती.

रोसेर वाट बघत राहिली. चेहरा वर केलेला, डोळे मिटलेले, हात अगदी स्थिर. मग तिने तळवे किंचित जास्त दाबले.

"आई," तिने विचारलं, "आता बोलतेयस का तू?"