हिरव्या दिव्याआधीचा पेला

मित्रांनो, मी पाणी तपासणारी एक जुनी पेटी आहे. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढी असेन. माझ्या अंगावर दोन दिवे आहेत. पाण्यात आजाराचे जंतू असले की लाल दिवा लागतो, नसले की हिरवा. मला एवढे एकच काम येते, पण ते मी मन लावून केले आहे.

माझा जन्म बहरीनमध्ये, सनाबिसच्या एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये झाला. नागपूरच्या उज्ज्वलने माझ्या तारा जोडल्या. पुण्याच्या नीलाताईंनी जंतू ओळखणारे रसायन बनवले. मुंबईचे राजन कामे मिळवत आणि अहवालावर सही करत. चौथी हुस्ना. ती इथलीच, जवळच्या जिदहफ्सची; आमच्याशी हिंदीत बोलायची. तिच्या ओळखीशिवाय आम्हाला कोणी दारातही उभे केले नसते.

तिनेच पहिल्या दिवशी एक नियम घातला. "जो साइन करेगा, वो पहले वही पानी पिएगा. यल्ला राजन, पहले आप!" सगळे हसले, पण नियम ठरला. माझा हिरवा दिवा लागला की राजन त्या नळावर जात, पेला भरून पीत आणि मगच सही करत.

पुढची सहा वर्षे मी गाडीच्या मागच्या सीटवर बसून बेटभर हिंडले. कामगारांच्या खोल्या पाहिल्या, शाळांचे कूलर पाहिले, पार वाळवंटातल्या सखीरपर्यंत गेले. माझ्या लाल दिव्यामुळे कितीतरी टाक्या धुतल्या गेल्या. लोक माझे कौतुक करत. उज्ज्वल रोज माझी काच पुसायचा. ते दिवस आठवले की अजून भरून येते.

मग कंपनी मोठी झाली. चौघांना लोक 'लीडरशिप टीम' म्हणू लागले आणि हाताची घडी घातलेले त्यांचे फोटो भिंतीवर लागले. नीलाताईंनी नवे यंत्र बनवले. मला निकाल द्यायला अख्खी रात्र लागते. ते नळाजवळच अर्ध्या तासात निकाल देऊन मोकळे होते. मला रिसेप्शनच्या काचेच्या कपाटात ठेवले आणि खाली पाटी लावली, 'आमची सुरुवात'. माझ्या शेजारी राजन यांचा तो पेलाही ठेवला. आता टेबलावर बाटलीबंद पाणी आले होते. पेल्याचे कोणाला स्मरण राहिले नाही. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणतात. मी दहाव्या दिवसाची वाट पाहत होते, हे कबूल करते.

तो दिवस आला, पण असा यायला नको होता.

ऑगस्टमध्ये जिदहफ्सच्या एका नर्सरीने पाणी तपासून मागितले. उज्ज्वलची चार वर्षांची श्रावस्ती तिथेच जायची. नव्या यंत्राने हिरवा दिवा दिला. राजन यांनी ऑफिसात बसूनच सही केली. नर्सरीने विकतचे कॅन बंद केले आणि नळाचे पाणी जगमध्ये भरून, फ्रिजमध्ये गार करून मुलांना द्यायला सुरुवात केली. सहाव्या दिवशी श्रावस्तीला हॉस्पिटलमध्ये ठेवावे लागले. ताप, जुलाब, हाताला सलाईन.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, उज्ज्वल थेट हॉस्पिटलमधून ऑफिसात आला. त्याच्या हातात नर्सरीच्या पाण्याची बाटली होती. त्याने कपाट उघडले, रुमालाने माझी धूळ पुसली आणि ते पाणी माझ्यात ओतले. सकाळी माझा लाल दिवा लागला. आपण चुकीचे ठरावे असे मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटले.

चौघे टेबलाभोवती बसले. मी मधोमध.

"जुनी पेटी आहे, बिघडली असेल," राजन म्हणाले. "गुरुवारी पन्नास यंत्रं शाळांमध्ये जाणार आहेत, उज्ज्वल. अहवाल मागे घेतला तर सगळं खलास."

"माझं मशीन चुकत नाही," नीलाताई म्हणाल्या. "मी दोनशे वेळा टेस्ट केलंय."

"माझी पोरगी तिथं पडून आहे, ताई," उज्ज्वल म्हणाला. "अजून किती पोरं ते पाणी पीत असतील?"

हुस्नाने सकाळी घरून येताना नर्सरीच्या नळाचे पाणी थर्मासमध्ये भरून आणले होते. तिने थर्मास उघडला, कपाटातला पेला आणून त्यात पाणी ओतले आणि तो राजन यांच्यापुढे ठेवला. "साइन आपका है. पीजिए."

राजन यांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी पेला उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"हे इतकं गरम का आहे?"

"छत की टंकी का है. ऑगस्ट है, राजन. नल से ऐसा ही आता है."

नीलाताईंनी बोटाने पेल्याला स्पर्श केला आणि त्यांच्या सारे लक्षात आले. नवे यंत्र त्यांनी दोनशे वेळा तपासले होते खरे, पण ऑफिसच्या गार पाण्यावर. गरम पाण्यात त्यातले रसायन काम करत नव्हते, आणि ते यंत्र नळाजवळच पाणी घेते. माझ्यात मात्र पाणी रात्रभर राहते आणि आपोआप निवते. माझी हुशारी काहीच नव्हती. माझा संथपणा कामी आला. राजन यांनी त्या नळाचा पेला नुसता हातात धरला असता, तरी हे त्याच दिवशी कळले असते.

राजन यांनी तिथूनच नर्सरीला फोन लावला. "पाणी बंद करा. चूक आमची आहे," एवढेच ते कसेबसे म्हणाले. पन्नास यंत्रे थांबली. नीलाताई रडत होत्या.

तेव्हा उज्ज्वल हळूच म्हणाला, "श्रावस्तीनं मला सांगितलं होतं. घरी येऊन म्हणाली, 'पप्पा, स्कूल टॅप इज व्हेरी हॉट.' मी म्हटलं, बेटा, ऑगस्टमध्ये सगळंच गरम असतं."

त्या सकाळनंतरचा आज चौथा दिवस आहे. श्रावस्ती अजून हॉस्पिटलमध्येच आहे, आणखी दोन मुलेही आली आहेत. मी टेबलावर आहे आणि पेला माझ्याजवळ. माझी धूळ आता रोज पुसली जाते, पण त्याचा आनंद होत नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, असे मी म्हणणार नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमचेही फोटो भिंतीवर लागतील, तुमच्या सहीवर लोक विश्वास ठेवतील. त्या दिवशी सही करण्याआधी एकदा नळापर्यंत चालत जा. आणि एखादे लहान मूल पाणी गरम आहे म्हणाले, तर हात लावून बघा.