दुर्गेश्वरी मॅडमचा आवाज

"सर, तुमाले तवाच मालूम होतं का?"

दुर्गेश्वरीनं उभ्यानंच विचारलं. मुख्याध्यापक केवळराम सरांनी टेबलावरचा पंखा तिच्याकडे वळवला.

"बस ना आधी. कायले उभी राह्यली?"

ती बसली नाही.

सौंदडजवळच्या या खाजगी शाळेत ती तासिकेवर गणित शिकवायची. शिकलीही इथंच, केवळराम सरांच्याच हाताखाली. बारावीनंतर वडील लग्नाची घाई करत होते, तेव्हा सर स्वतः घरी आले होते. "पोरीले डीएड करू दे," म्हणून ओसरीवर अडून बसले होते. तिच्या घरात देवाच्या बरोबरीनं कोणाचं नाव निघत असेल तर ते सरांचं.

म्हणून मागच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी बोलावलं, तेव्हा तिनं काहीच विचारलं नाही. शाळेत टॅबलेट येणार होते. त्यातला एआय शिक्षक पोरांच्या शंकांना उत्तरं देणार होता, पण त्याची पुस्तकी मराठी पोरांच्या डोक्यावरून गेली असती. "तू वर्गात बोलतेस तशीच बोल," सर म्हणाले. नागपूरहून आलेल्या माणसानं माइक लावला आणि सुट्टीभर ती बोलत राहिली. धानाच्या शेतातल्या एका बांधीचे वाटे पाडून अपूर्णांक कसे सांगते, पोरगं चुकलं की "भेऊ नोको, पुन्हा पाहू" कसं म्हणते, सगळं दिलं. घसा बसला तर सरांच्या घरून काढा यायचा.

टॅबलेट आले, पहिल्यांदा तिच्याच आवाजात बोलले, तेव्हा पोरं टाळ्या पिटून हसली होती. तीही हसली होती.

आणि आज, शाळा उघडल्याच्या दिवशी, सरांनी तिला ऑफिसात बोलावून सांगितलं होतं, की तासिकेवरचे शिक्षक आता नकोत. वर्गावर लक्ष ठेवायला एक मदतनीस पुरे.

"सांगा ना, सर."

सर खिडकीबाहेर पाहू लागले. "संस्थेवाल्यायनं दिवाळीच्या आधीच ठरवलं होतं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं, त तू आवाज देला असता का?"

पंख्याच्या वाऱ्यानं तिचे डोळे कोरडे पडले. बापाला समजावणारा माणूस हाच, की तो दुसराच कोणी होता, हे तिला ठरवता येईना.

"घरी ट्युशन घे," सर हळू आवाजात म्हणाले. "मी पाठवतो पोट्टे."

"नोको जी," ती म्हणाली. "आता तुमी काई पाठवू नोका."

फळ्यावर वापरायचा तिचा लाकडी कंपास सहावीच्या वर्गात होता. तो घ्यायला ती गेली. चपला बाहेर काढून आत आली. पोरं कानाला हेडफोन लावून बसली होती. मदतनीस बाई मोबाइल पाहत होती. पहिल्याच बाकावर आचल होती, गेल्या वर्षी गणित म्हटलं की रडायला लागणारी. आज तिचे ओठ हलत होते, बोटं हिशेब करत होती.

दुर्गेश्वरीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आचल, कशी आहेस बाई?"

आचलनं मान वर न करता ओठांवर बोट ठेवलं.

"थांबा ना मॅडम," ती कुजबुजली. "मॅडम सांगून राह्यल्या."

दुर्गेश्वरीनं हात काढून घेतला. कंपास फळ्याशी तसाच राहू दिला. दाराबाहेर पोरांच्या चपलांचा ढीग होता. त्यातून तिनं आपल्या शोधल्या, पण पायात घातल्या नाहीत. त्या हातात धरून ती व्हरांडा संपेपर्यंत अनवाणीच गेली. आत तास चालू होता.